थांबलेल्या यंत्रातील शक्ती

बंगळूर शहरातील शिवाजीनगर हा दाट वस्तीचा भाग आहे. रसेल मार्केट, सेंट मेरीचे जुने देवालय, बोरिंग रुग्णालय आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गजबजलेले बस-स्थानक यांच्या परिसरात पायी चालणाऱ्यालाही वाट काढावी लागते. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, त्यामुळे या पेठेचे नाव ऐकताच मराठी वाचकास आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. या गर्दीच्या पायाखाली २२ सप्टेंबर २०२१ रोजी एक भिंत फुटली. ‘ऊर्जा’ नावाचे भुयार खणणारे यंत्र कँटोनमेंटच्या बाजूने खडक पोखरीत आले आणि भूमिगत मेट्रो-स्थानकासाठी खोदलेल्या शिवाजीनगरच्या खड्ड्यात त्याने आपले तोंड बाहेर काढले. त्याचे जोडयंत्र ‘विंध्य’ पुढच्याच महिन्यात तेथे पोहोचले.

ऊर्जेने २०२० च्या जुलैअखेर प्रवास आरंभिला होता. अंतर होते सुमारे साडेआठशे मीटर. चालत गेल्यास दहा-बारा मिनिटांची ही वाट कापण्यास या यंत्राला जवळजवळ चौदा महिने लागले, म्हणजे सरासरीने दिवसाला दोन मीटर झाले. शेकडो टन वजनाचे यंत्र इतके मंद का चालावे? ते नेहमीच मंद चालते असे नव्हे. पुष्कळ वेळा ते थांबलेले असते, आणि या लेखाचा विषय त्या थांबण्याशीच निगडित आहे.

भुयार फुटण्याचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. आधी भिंतीवर तडा दिसतो, मग दगडमातीची ढलपी निखळते, धुरळा उठतो, आणि त्यातून दोन पुरुष उंचीहून कितीतरी मोठे पोलादी चक्र सावकाश फिरत पुढे येते. पाहुणे व छायाचित्रकार त्या वेळी दूर, कठड्यामागे उभे असतात. खड्ड्यात चक्राच्या समोर कोणीही नसते. तशी सक्त आज्ञाच असते. सामान्य माणसास वाटते की यंत्राच्या कामातील सर्वांत भयंकर क्षण तो हाच. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्र जेव्हा आपली पूर्ण शक्ती दाखवीत असते तेव्हा त्याचे भय सर्वांनाच वाटते व माणसे आपण होऊन दूर राहतात. माणूस यंत्राजवळ जातो तो ते थांबल्यावर, आणि तो जातो तेव्हा हातात पाना असतो व मनात विश्वास असतो की आता हे काही करणार नाही. अवजड यंत्रांवरील कितीतरी अपघातांच्या मुळाशी हाच विश्वास आढळतो.

ऊर्जेसारख्या यंत्राच्या पुढच्या चक्रास कटरहेड म्हणतात. त्यावर कठीण पोलादाच्या चकत्या बसविलेल्या असतात. त्या खडकावर दाबल्या जाऊन फिरतात व त्याच्या कपच्या उडवितात. बंगळूरची भूमी ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची नाही. तेथे अतिप्राचीन नाईस व ग्रॅनाईट हे खडक आहेत, आणि कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने त्यांचा वरचा थर कुजून माती झाला आहे. या मातीत मधूनमधून न कुजलेले धोंडे राहिलेले असतात. त्यामुळे एकाच वेळी चक्राच्या खालच्या भागापुढे अभेद्य खडक आणि वरच्या भागापुढे मऊ माती अशी स्थिती येते. चकत्या एका बाजूने आपटतात, झिजतात, कधी फुटतात. याच शहरात मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात ‘गोदावरी’ नावाचे यंत्र कटरहेडच्या बिघाडामुळे महिनोन्महिने अडून पडले होते. एप्रिल २०१६ मध्ये ते मुक्कामास पोहोचले.

झिजलेली चकती बदलावयाची म्हणजे माणसाने पुढे जावयाचे. चक्राच्या मागे एक पोलादी भिंत असते. तिच्यातील लहानशा दारातून दोघेतिघे चक्रामागच्या पोकळीत शिरतात. एका चकतीचे वजन शंभर किलोंहून अधिक असते, म्हणून ती साखळीच्या कप्पीवर तोलून धरावी लागते. पायाखाली चिखल, अंगावर ठिबकणारे पाणी आणि समोर काही वीतभर अंतरावर उघडी जमीन. हीच जमीन आतापर्यंत यंत्राच्या दाबाने रेटून धरलेली होती. तो रेटा काढून घेतल्यावर ती किती वेळ उभी राहील हे मातीच्या जातीवर व पाण्यावर अवलंबून असते.

म्हणून दार उघडण्यापूर्वीची तयारी दार उघडल्यानंतरच्या कामापेक्षा लांब असते. शक्य तेथे यंत्र अखंड खडकात असतानाच थांबविले जाते. आतील हवा तपासतात. प्राणवायू पुरेसा आहे की नाही आणि विषारी वा ज्वालाग्राही वायू आहे की काय हे उपकरणाने पाहतात, वासावर भरवसा ठेवीत नाहीत. भूशास्त्रज्ञ जमिनीचा उघडा भाग पाहतो. चक्र फिरविणाऱ्या मोटारींचा वीजपुरवठा तोडून त्या खटक्याला कुलूप लावतात. कामाच्या ओघात पुढची चकती हाताशी यावी म्हणून चक्र थोडेसे फिरविणे भागच पडते. त्या वेळी आतील सर्व माणसे बाहेर येतात, त्यांची मोजणी होते, आणि मगच कुलूप निघते. हा क्रम कंटाळवाणा आहे. एका पाळीत तो अनेकदा करावा लागतो. ‘या खेपेस राहू द्या, दोन वीतच तर फिरवायचे आहे’ असे म्हणण्याचा मोह कोणाला होत असेल तर तो अनुभवी माणसालाच होतो. नवखा बिचारा भीतीने बाहेर येतोच.

जमीन फारच सैल असेल तर त्या पोकळीत दाबाखालील हवा भरून तिच्या जोरावर माती व पाणी थोपवितात. या युक्तीची किंमत एकोणिसाव्या शतकात जगाने मोजली आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथील ईड्स पूल व न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल यांचे पाये घालताना मजूर दाबाखालील हवेत उतरत. वर येताच काहींचे सांधे असह्य दुखू लागत, काहींना पक्षाघात होई, काही दगावले. ब्रुकलिन पुलाचे प्रमुख अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही १८७२ मध्ये या विकाराने गाठले व पुढील काम त्यांनी घरातून, पत्नीच्या साहाय्याने चालविले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकाएकी उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडावी तसा. दाब टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे कोष्टक ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन व त्यांचे सहकारी यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून हवेच्या कोठडीत घड्याळाकडे पाहत बसणे हाही कामाचाच भाग ठरला.

जमिनीचा तोल बिघडला तर त्याची झळ वर रस्त्यापर्यंत पोहोचते. १२ जानेवारी २०२३ रोजी, शिवाजीनगरपासून जवळच असलेल्या ब्रिगेड रस्त्यावर, जेथे खाली मेट्रोच्या भुयाराचे काम चालू होते तेथे, भर रहदारीत खड्डा पडला व एक दुचाकीस्वार त्यात पडून जखमी झाला. भुयाराच्या कामात दर कड्यागणिक बाहेर आलेल्या मातीचे माप घेऊन ते हिशोबाच्या मापाशी ताडून पाहतात ते याचसाठी. हिशोबापेक्षा अधिक माती आली म्हणजे कोठेतरी पोकळी झाली. ती बुजविल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे वरच्या रस्त्यावरील माणसांचा जीव टांगणीस लावणे होय.

आता भुयारातून वर येऊ. वाचकास रोज दिसणारी यंत्रे वरच आहेत. मराठीत ज्याला सर्रास पोकलेन म्हणतात ते नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीचे. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची आद्याक्षरे. खेड्यापाड्यांत विहिरीचे वा शेततळ्याचे काम निघाले की ही यंत्रे येतात व सारा गाव, विशेषतः मुले, भोवती जमतो. पोकलेनचा वरचा भाग आपल्या बैठकीवर गरकन वळतो, तेव्हा सर्वांचे डोळे पुढच्या बकेटवर असतात, आणि मागचे वजनी शेपूट कोणाच्या ध्यानात नसते. भिंत आणि ते शेपूट यांच्यामध्ये सापडलेल्या माणसास चालक पाहू शकत नाही, कारण त्या बाजूस त्याची दृष्टी पोहोचतच नाही. आरसे व कॅमेरे यांनी थोडी मदत होते. परंतु यंत्राच्या फिरण्याच्या कक्षेभोवती दोरी वा कठडा बांधणे आणि चालकाशी नजरानजर होऊन त्याने बकेट जमिनीस टेकविल्याखेरीज जवळ न जाणे, याला पर्याय नाही.

या यंत्रांचे बळ तेलाच्या दाबात असते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब वातावरणाच्या दोन-अडीचपट असतो. पोकलेनच्या नळ्यांतील तेलाचा दाब तीनशेपटीच्या घरात जातो. अशा नळीस सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तर तेलाची अदृश्यप्राय धार निघते. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी नळीवरून हात फिरविणे ही यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांची जुनी सवय आहे, आणि ती घातक आहे. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी, दुखणेही प्रथम फारसे नाही. माणूस बोट पुसून कामास लागतो. काही तासांत आतील मांस मरू लागते व मग बोट किंवा हात वाचविणे कठीण होते. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ फिरवून. आणि अंगात तेल शिरल्याचा नुसता संशय जरी आला तरी त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावयाचे व डॉक्टरांस ‘दाबाखालील तेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावयाचे, कारण वरून पाहता ती जखम त्यांनाही क्षुल्लक वाटू शकते.

इंजिन बंद केले म्हणजे हा दाब नाहीसा झाला असे समजणे ही दुसरी चूक. बूम वर उचललेला असेल तर त्याचे सारे वजन नळ्यांतील तेलावर तोललेले असते. अशा स्थितीत कोणी नळीचा सांधा सैल केला तर तेल उसळते आणि बूम कोसळतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी यंत्र सपाट जागी उभे करतात, बकेट जमिनीस टेकवितात, इंजिन बंद करतात, आणि त्यानंतर हाताचे दांडे पुढेमागे हालवून नळ्यांत कोंडलेला दाब सोडून देतात. टाकीचे झाकणही हळूहळू उघडावयाचे. बूम वर ठेवूनच काम करणे अपरिहार्य असेल तर त्याखाली पोलादाचा भक्कम टेका द्यावयाचा. तेलावर विसंबून कोणीही खाली जाऊ नये. डंपरचा हौदा उचलून त्याखाली वाकलेल्या माणसांचे मृत्यू याच अज्ञानातून घडतात. हौदा पेलून धरण्यासाठी बहुतेक गाड्यांना एक लोखंडी दांडा दिलेला असतो. तो लावण्यास अर्धे मिनिट लागते.

उचललेल्या हौद्याचा किंवा क्रेनच्या दांड्याचा आणखी एक शत्रू डोक्यावरून जाणारी विजेची तार होय. तार व यंत्र यांचा स्पर्श झाला तर चालकाने यंत्रातच बसून राहावे व विजेचा पुरवठा बंद होईपर्यंत कोणास जवळ येऊ देऊ नये. यामागील शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. यंत्रातून वीज जमिनीत उतरते व पाण्यातील लाटांप्रमाणे चहूकडे पसरत क्षीण होत जाते. जमिनीवरील दोन बिंदूंच्या विद्युत्-दाबात त्यामुळे फरक पडतो. लांब पाऊल टाकणाऱ्याचा एक पाय अधिक दाबावर व दुसरा कमी दाबावर येतो आणि वीज त्याच्या शरीरातून वाहते. यंत्राने पेट घेतला व उतरणे भागच पडले तर एकाच वेळी यंत्रास व जमिनीस स्पर्श होणार नाही अशा बेताने, दोन्ही पाय जुळवून उडी घ्यावी, आणि पावले न उचलता घासत-सरकत दूर जावे.

क्रेनचे गणित तराजूचे आहे. दहा टनांचा भार तीन मीटरवर तोलणारी क्रेन तोच भार नऊ मीटरवर उचलू गेली तर उलटेल. तेथे तिला गणिताने सव्वातीन टनांहून थोडे अधिक पेलेल, आणि दांड्याचे स्वतःचे वजन धरता तेवढेही नाही. चालकाच्या खोलीत लावलेल्या कोष्टकात प्रत्येक अंतरासाठीचा भार दिलेला असतो. मात्र ते कोष्टक सपाट व टणक जमीन गृहीत धरते. शिवाजीनगरसारख्या ठिकाणी खोल खड्ड्याच्या काठाशी क्रेन उभी राहते तेव्हा तिच्या टेकूंखालची माती खड्ड्याकडे सरकू पाहते. मऊ मातीत निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर राखावे, अथवा काठ भिंतीने बांधून काढावा. हायड्रा या नावाने ओळखली जाणारी, भार पुढे टांगून चाकांवर फिरणारी क्रेन आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. चालकाच्या समोरच भार लोंबत असल्याने त्याला पुढचे दिसत नाही, आणि झोके खाणारा भार हाताने धरून एक मदतनीस पुढे चालत असतो. तो अडखळला तर क्रेन त्याच्या अंगावर जाते. भारास लांब दोर बांधून, बाजूने, दुरून तो धरणे हा साधा उपाय आहे. काही मोठ्या प्रकल्पांनी तर या क्रेनच्या वापरावरच निर्बंध घातले.

इशारे देणारा माणूस एकच असावा, असा नियम आहे. बंगळूरच्या कामावर कन्नड, तमिळ, हिंदी, बंगाली, उडिया अशा भाषा बोलणारे लोक एकत्र येतात, तेव्हा तोंडी आरोळ्यांपेक्षा हातांच्या ठरलेल्या खुणाच उपयोगी पडतात. या नियमास एकच अपवाद आहे: ‘थांबा’ ही खूण कोणीही केली, अगदी चहा देणाऱ्या पोऱ्याने केली, तरी चालकाने ती पाळलीच पाहिजे.

भार हालविण्याच्या व उभा करण्याच्या वेळी काय होऊ शकते हे अलीकडच्या काही वर्षांनी कठोरपणे दाखविले आहे. १० जानेवारी २०२३ रोजी बंगळूरच्या नागवारा भागात मेट्रोच्या खांबासाठी उभारलेला लोखंडी गजांचा उंच सांगाडा रस्त्यावर कोसळला. दुचाकीवरून जाणाऱ्या कुटुंबातील आई व लहान वयाचा मुलगा ठार झाले. एप्रिल २०२५ मध्ये याच शहराच्या उत्तर भागात गाडीवरून नेली जाणारी मेट्रोची प्रचंड तुळई निसटून रिक्षावर पडली व रिक्षाचालक मरण पावला. या दोन्ही ठिकाणी बळी पडलेल्यांचा बांधकामाशी काही संबंध नव्हता. ते आपल्या वाटेने चालले होते. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर, ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांमधील रात्री, तुळया बसविणारे अवाढव्य यंत्र भारासह कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. ही माणसे कामावरची होती. उंच भार हालत असताना त्याच्या सावलीत, त्यातही रात्रीच्या वेळी, किती माणसे असणे खरोखर आवश्यक आहे, हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारावयाचा असतो.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने चालत्या यंत्राजवळ जाणारा कामगार खास शिकविलेला असावा व त्याने घट्ट बसणारे कपडे घातलेले असावेत, असे सांगितले होते. सैल बाही आणि फिरता दांडा यांचे वैर तेव्हाही ठाऊक होते. बांधकाम-मजुरांसाठी संसदेने १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्याचे केंद्रीय नियम १९९८ मध्ये आले, आणि २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेत हे विषय एकत्र करण्यात आले. नियमांची वाण कधीच नव्हती. वाण असते ती वेळेची. थांबलेल्या यंत्राचे भाडे चालूच असते, आणि ते लवकर सुरू करा असा तगादा वरून खाली येत येत शेवटी पाना धरलेल्या माणसापाशी पोहोचतो.

या तगाद्यापुढे टिकणारी एक साधी वस्तू कारखान्यांनी शोधून काढली आहे: कुलूप. दुरुस्तीस जाणारा प्रत्येक जण यंत्राच्या मुख्य खटक्यावर स्वतःचे कुलूप लावतो व किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चौघे आत गेले तर चार कुलपे. एकाच कडीत ती अडकविता यावीत म्हणून अनेक छिद्रांची पट्टी मिळते. कुलपासोबत नाव व वेळ लिहिलेला पुठ्ठा असतो. मुकादम असो की मुख्य अभियंता, दुसऱ्याचे कुलूप काढण्याचा अधिकार त्याला नसतो. कुलूप लावल्यावर सुरू करण्याची कळ एकदा दाबून पाहावयाची. यंत्र हालले नाही म्हणजे योग्य खटकाच बंद झाला आहे. काम संपले की हत्यारे मोजतात, काढलेली झाकणे व जाळ्या परत बसवितात, आणि प्रत्येक जण बाहेर येऊन आपापले कुलूप काढतो. तीन कुलपे निघाली आणि चौथे तसेच असेल तर चौथ्या माणसाचा शोध सुरू होतो. बहुधा तो पाणी पिण्यास गेलेला असतो. तो येईपर्यंत सारे थांबतात. तो येतो, खिशातून किल्ली काढतो, कुलूप उघडतो, आणि मग भोंगा वाजतो.